सुपारी फुटली म्हंजे फुटली

अण्णा, तुम्हाला पत्र लिहून काही उपयोग नसतो हे मला तुम्ही जिवंत असतानाच कळलं होतं. सातासमुद्रापलीकडून मी पानंच्या पानं लिहायची आणि तुमच्याकडून एका ओळीचं उत्तर यायचं नाही. आता तर तुम्ही जाऊनही किती वर्षं लोटली. तरी आज राजारामपुरीतल्या या फ्लॅटमध्ये, खाली क्लास सुटलेल्या पोरांचा कालवा चालू असताना, मी तुम्हाला लिहायला बसले आहे. गेल्या महिन्यात मला तुमची एक गोष्ट कळली. तेव्हापासून तुमच्याशी कडाकडा भांडावं की तुमच्या गळ्यात पडून रडावं, हेच मला समजेनासं झालंय. समोर असतात तर दोन्ही केलं असतं.

कबनूरच्या आपल्या छोट्या ख्रिस्ती मंडळीतला तो रविवार मी विसरले नाही, आणि तुम्हीही विसरला नसणार. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी नर्स, तुमचे जावईबापू शाळामास्तर, आणि आमच्याबरोबर निपाणीचे डॉक्टर भाऊजी आणि त्यांची बायको, जिला मी अक्का म्हणायची. आम्ही चौघांनी ठरवलं होतं की पश्चिम आफ्रिकेत, घानाच्या उत्तरेकडच्या एका खेड्यात जायचं, दवाखाना आणि शाळा चालवायची, तिथल्या लोकांत राहून प्रभूची सेवा करायची. पाळकसाहेबांनी हौसेनं तुम्हाला उभं केलं, मंडळीचे पंच म्हणून आणि बाप म्हणून, आशीर्वाद द्यायला. तुम्ही पॉवरलूमचे जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारे. मागाच्या खडखडाटात उभा जन्म गेलेला, त्यामुळं तुमची कुजबुजसुद्धा चौकापर्यंत ऐकू जायची. आणि त्या दिवशी तुम्ही कुजबुजला नव्हता. "एकुलती एक पोर हाय माझी. आईबिगर वाढवलीया. देवाला न्ह्यायची आसंल तर त्येनं न्ह्यावी. पर मी माझ्या तोंडानं तिला जा म्हणणार न्हाय!" एवढं बोलून खाली बसलात. पाळकसाहेबांनी घाईघाईनं गीत सुरू केलं, आणि सगळे चुकीच्या सुरात गायले.

आम्ही गेलोच. एसटी स्टँडवर सगळी मंडळी आली, तुम्ही आला नाहीत. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? इचलकरंजी मागं पडेपर्यंत मी खिडकीतून बघत होते, आणि मनातल्या मनात तुम्हाला हट्टी म्हातारा म्हणत होते. पुढं तिथं दोन घरांची एकच चूल झाली. अक्काची भाजी निपाणीची आणि माझी चटणी कबनूरची, यावरून आमच्यात भांडणं व्हायची आणि जेवताना मिटायची. भाषा शिकलो, पोरांना गोवराच्या साथीतून वाचवलं, झाडाखाली शाळा भरवली. पण गाव आम्हाला पक्कं घर बांधायला जागा देईना. आम्हाला वाटलं, धर्मामुळं असेल. तसं काही नव्हतं. गावच्या प्रमुखानं एक दिवस सरळ विचारलं, "तुम्हाला आमच्या हाती कुणी दिलं?" त्यांच्यात रीतच तशी. माणूस आपल्या मनानं येऊन राहिला तर तो पाहुणा. त्याच्या घरच्या वडीलधाऱ्यानं हाती दिला, तरच तो गावचा. तिघांच्या घरून होकार आलेला होता. राहिले होतात तुम्ही एकटे.

म्हणून सुट्टीला आम्ही चौघं गावी आलो तेव्हा त्या प्रमुखाचा धाकटा भाऊ, तोही म्हाताराच, आमच्याबरोबर आला. त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू होते, इकडं मिशनच्या दवाखान्यात ऑपरेशन करून घ्यायचं होतं. पण त्याचं खरं काम वेगळंच होतं. गावानं त्याला तुमच्याकडं मागणं घालायला धाडलं होतं. त्याच्या हातात पानांत गुंडाळलेल्या कोलाच्या बियांची टोपली होती. कोला म्हणजे तिकडची सुपारीच म्हणा ना, आकारानं मोठी, लालसर-पांढरी. तिथं मागणं घालताना ती पुढं करतात. समोरच्यानं ती फोडून खाल्ली की होकार झाला. मग माघार नाही.

तुम्ही दारातच उभे होता. जावयाकडं बघितलंत, तिकडंच जन्मलेल्या नातवाला उचललंत आणि मला म्हणालात, "वाळलीस की गं! तिथं काय खायला घालत न्हाईत व्हय?" तीन वर्षांनी भेटलेल्या लेकीला हे पहिलं वाक्य! मग म्हाताऱ्याकडं वळून अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, "या पावणं, या! पाय धुवा." त्याला मराठी येत नव्हती, पण आवाज पोचला. तुम्ही टोपलीकडं बघून विचारलंत, "ह्यात काय हाय?" आणि मी, तुमचीच लेक, पटकन बोलून गेले, "त्यांच्याकडची सुपारी आहे, अण्णा. जेवण झालं की देतील." पुढचं काही सांगितलं नाही. तुम्ही "बरं" म्हणालात आणि डॉक्टर भाऊजींना माग दाखवायला कारखान्यात घेऊन गेलात. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत बसले. आई गेल्यावर तुम्हीच शिकवलेल्या भाकऱ्या त्या. मनात धाकधूक होती, आणि खरं सांगू, थोडं हसूही येत होतं.

जेवायला बसल्यावर तुम्ही पाहुण्याची परीक्षा घेतलीत. त्याच्या ताटात ढीगभर खर्डा वाढलात आणि मिशीतल्या मिशीत हसत बसलात. त्यानं तो भाकरीला लावून संपवला आणि आणखी मागितला. "आयला, गडी आपल्यातला दिसतूय की!" तुमचा चेहरा असा उजळला होता, जणू घरात पहिल्यांदाच कुणी जेवलं होतं. मग त्यानं टोपली तुमच्या पुढ्यात सरकवली आणि दोन्ही हात जोडून लांबलचक बोलला. मी भाषांतर केलं, पण अर्धंच. "ते म्हणतात, लांबून आलोय, एवढं घ्या." तुम्ही अडकित्ता मागवलात. एक बी कातरलीत, अर्धी त्याला दिलीत, अर्धी तोंडात टाकलीत. "अरं बाबौ! कडू जहर हाय की हे!" तोंड वेडंवाकडं करून चावत राहिलात, थुंकला मात्र नाहीत. वर तांब्याभर पाणी प्यायलात आणि थबकलात. "आवळा खाऊन पाणी प्याल्यागत ग्वाड लागतंय."

तेव्हा मी सांगितलं. हसू आवरेना, डोळ्यांत पाणी, आणि सांगितलं की अण्णा, तुम्ही मला आत्ता देऊन टाकलीत. तुमचा आवाज चढला. "फसवलंस व्हय गं बापाला!" शेजारची माणसं दारात गोळा झाली. जावईबापू तर चप्पल शोधायला लागले. तुम्ही सगळ्यांकडं एकदा बघितलंत, धोतराला हात पुसलेत आणि म्हणालात, "सुपारी फुटली म्हंजे फुटली. आमी शब्दाची माणसं." मग त्या म्हाताऱ्यापुढं मांडी घालून बसलात. त्याचा हात हातात घेतलात, आणि तुमचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. "पावणं, ही एकटी न्हाय, ही दोन्ही घरं तुमच्या पदरात घातली. चुकली तर कान धरा. आजारी पडली तर उशाला बसा." मला ते त्यांच्या भाषेत सांगायचं होतं, आणि त्या भाषेत पदर नाही. तिथल्या बाया पोरं पाठीवर कापडानं बांधून हिंडतात. मी म्हटलं, ते म्हणतात, यांना तुमच्या पाठीवर बांधलंय. म्हातारा किती तरी वेळ मान हलवत राहिला. ऑपरेशन होऊन तो परत निघेपर्यंत तुम्ही एकमेकांना व्याही म्हणत होता. तो बिचारा "याही, याही" म्हणायचा. कुणीतरी तुम्हाला विचारलं, पोरगी दिली ती नक्की कुणाला? तुम्ही म्हणालात, "गावाला दिलीया. हाय का कुणाची एवढी मोठी सासुरवाडी?"

गावानं जागा दिली, अण्णा. दवाखाना उभा राहिला, शाळेवर पत्रे चढले. आमची आणि अक्काची पोरं एकाच अंगणात वाढली. आणि म्हाताऱ्यानं खरोखर कान धरले. एकदा मी बाळंतिणीवर खेकसले, तेव्हा त्यानं मला सगळ्यांदेखत झापलं, "तुझ्या बापाला काय तोंड दाखवू?" मान खाली घालून उभी होते, पण आतून इतकी सुखावले की विचारू नका. तुम्ही गेल्याचा फोन आला तेव्हा मला मातीला पोचता आलं नाही. पण तिथं तुमच्यासाठी ढोल वाजले. म्हातारा काठी टेकत आमच्या दारात आला, जमिनीवर बसला, आणि येईल त्याला सांगत राहिला, "माझा व्याही गेला." ज्या गावात तुम्ही पाऊल टाकलं नाही, त्या गावात तुमचं सुतक पाळलं गेलं. असा बाप कुणाचा असतो सांगा!

ही गोष्ट मी किती मंडळ्यांत सांगितली असेल, गणती नाही. गेल्या महिन्यात डॉक्टर भाऊजी आले होते. अक्का गेल्यापासून ते फार कुठं जात नाहीत, पण आमच्याकडं चहाला येतात. सुनेला हौसेनं मी तीच गोष्ट सांगत होते, अण्णांना कसं बनवलं ते. भाऊजींनी हसता हसता कप खाली ठेवला. म्हणाले, "अजून तसंच सांगतेस व्हय? अगं, अण्णांना सगळं ठाऊक होतं." त्या दिवशी तुम्ही त्यांना माग दाखवायला नेलंच नव्हतं. दोन चालू मागांच्या मधे उभं करून, कानाला तोंड लावून विचारलं होतंत, "डॉक्टर, खरं सांगा. त्या टोपलीतलं खाल्लं की काय हुतंय? पोरगी नजर चुकवालीया माझी." भाऊजींना खोटं बोलता येत नाही. म्हणाले, "खाल्लं की पोरगी दिली." तुम्ही एक माग थांबवलात, तुटलेला धागा जोडलात, माग पुन्हा चालू केलात. आणि मग म्हणालात, "भर मंडळीत म्या म्हणालतो, तोंडानं जा म्हणणार न्हाय. खाणार न्हाय असं कुठं म्हणालतो?" भाऊजींना शपथ घातलीत. "तिला सांगू नगा. बापाला जिंकलं म्हणून हसत जाऊ दे. रडत गेल्याली पोर तिथं टिकायची न्हाय."

हे वाचून तुम्ही मोठ्यानं हसला असता, म्हणून लिहिलं. पाठवायला पत्ता नाही. घडी करून कपाटात ठेवीन, नाहीतर सून रद्दीत देईल. एक सांगायचं राहिलं. परवाच्या रविवारी मंडळीत मला बोलायला उभं केलं, आणि मी पुन्हा जुनीच गोष्ट सांगितली, हुशार पोर आणि फसलेला बाप. लोक पोट धरधरून हसले. खरी गोष्ट ओठांपर्यंत आली होती, मी ती गिळली. सगळं आयुष्य लोकांत वाटत आले, अण्णा. पण एवढं वाटायला मन होत नाही. हे मला एकटीला पाहिजे.