शू म्हणजे बूट

ती. सासूबाईंस,

‘आई’ लिहायला हात वळला नाही. राग आला तर येऊ द्या.

तुम्ही इथे असतानाच तुमच्या लाडक्या ठकीची बालवाडी सुरू झाली. तेव्हा सांगितलं नाही, ते आता सांगते. पहिल्याच आठवड्यात ती बाईंना सारखी “शू, शू” म्हणायची. इथल्या भाषेत शू म्हणजे बूट. बाई बिचाऱ्या वाकून तिचे बूट घट्ट करायच्या आणि ही सतरंजीवरच ओली व्हायची. बाकीची पोरं नाकं धरायची. आमच्याकडे राहून तुम्ही तिला सांभाळत होतात, तेव्हा मी म्हणत होते, इथलं काहीतरी तिच्या कानावर पडू द्या. तुम्ही ठणकावलंत, “माझी नात माझीच भाषा बोलणार.” बोलली ना!

मग मी घरात मराठी बंद केली. तुमच्या मुलाने कुरकुर केली, पण मी दाद दिली नाही. तुम्हालाही त्यासाठीच परत पाठवलं. गुडघ्यांचं नुसतं निमित्त होतं.

काल फोनवर तुम्ही सवयीने विचारलंत, “ठके, शू लागली का गं?” ती टुणकन उठली, दाराशी गेली आणि बूट घालून आली. तुम्ही तिकडे “बोल की गं, बोल की” करत होतात. मी म्हटलं, “लाजतेय.”

हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंत तर फोन करायच्या थांबाल. आणि रोज सकाळी मी ओरडून घसा बसवते तरी ती बूट घालत नाही. तुमच्या एका हाकेत घालते.

तुमच्या नातीची आई