कॅरेज पाठवण्याबाबत

प्रिय पार्थदादास,

संस्कृतीचा नमस्कार. तुझी तब्येत ठीक असेल, तिकडची परदेशातली थंडी सोसत असेल आणि जेवायला पावाशिवाय दुसरं काही मिळत असेल असं धरून चालते. आत्याचे गुडघे कसे आहेत ते मी तिलाच फोन करून विचारलं, ती म्हणाली, "पार्थपेक्षा बरे आहेत, निदान इथं तरी असतात." इकडे आई, बाबा आणि मी ठीक. गाईही ठीक. तांबडी गाभण आहे आणि त्यामुळे तिला कुणी काही बोलत नाही. (तू फोनवर आमच्याआधी गाईंची चौकशी करतोस म्हणून सविस्तर लिहिलं.)

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. तुझा फोन आला की आमच्याकडे स्पीकर चालू होतो, ओट्यावर जेवढी माणसं बसलेली असतात तेवढी सगळी तुझ्याशी बोलतात, आणि माझी पाळी येते तेव्हा 'ठेवू का?' एवढंच बोलायचं उरलेलं असतं. म्हणून हाताने लिहून, फोटो काढून मेलला जोडते आहे. विषय कॅरेजचा आहे. गेल्या रविवारी तू बाबांना म्हणालास, "मामा, काळजी करू नका, त्या सायकलला बसेल असं खास कॅरेज इथे मिळतं, मी पाठवतो." तेव्हापासून बाबा कुरिअरवाल्याची वाट बघत आहेत. त्याबद्दल मला जे लिहायचं आहे ते लिहिण्याआधी सायकल आल्यापासून काय काय झालं ते तुला कळायला हवं, कारण फोनवर बाबांनी सगळं 'एकदम झकास' एवढ्यात उरकलं आहे.

सुरुवातीची चूक तुझी. "पुण्याचा फ्लॅट सोडतोय, माझी इटालियन बाईक तुमच्याकडे पाठवतोय, नुसती ठेवू नका, संस्कृतीला चालवू द्या," असा तुझा निरोप होता. आमच्याकडे बाईक म्हणजे जिच्यात पेट्रोल घालतात ती. बाबांनी गोठ्याशेजारची कडब्याची जागा रिकामी केली, हार आणला, नारळ आणला, आणि बजरंगकाकांना सांगितलं. (बजरंगकाका म्हणजे आमचे शेजारी. त्यांना सांगितलं की वेगळी दवंडी लागत नाही.) टेम्पो आला तेव्हा दारात बरीच गर्दी होती. ड्रायव्हर एकटाच उतरला, त्याने एक पुठ्ठ्याचं खोकं काखेत मारून ओट्यावर आणून ठेवलं आणि सही मागितली. बजरंगकाकांनी खोक्याकडे पाहिलं, मग टेम्पोत वाकून पाहिलं, आणि बाबांना विचारलं, "रंगनाथ, इंजिन मागनं येनार हाय का रं?"

बाबांनी हार तरीही घातला. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या व्हिडिओ कॉलवरच्या सूचनांप्रमाणे सायकल जोडली, तेव्हा त्यांनी नारळ फोडून पुढच्या चाकाखाली लिंबूही ठेवलं. नव्या गाडीने लिंबू चिरडायचं असतं. तुझ्या सायकलने ते चिरडलं नाही. चाक लिंबावर चढलं, पलीकडे उतरलं आणि लिंबू घरंगळत गटारीकडे गेलं. यावर गावात अजून दोन मतं आहेत. बाबांना वेगळीच शंका होती. स्टँड नाही, घंटी नाही, मडगार्ड नाही, कॅरेज नाही, म्हणजे टेम्पोवाल्याने वाटेत सामान काढून घेतलं, असं त्यांनी ठरवलं आणि त्याला फोन करून सभ्य भाषेत तसं विचारलंही. तो बिचारा शपथा घेऊ लागला. मी बाबांना सांगितलं की सायकल अशीच असते आणि जितकं कमी तितकी ती भारी. बाबा म्हणाले, "मंग आपली बंडी बी भारीच हाय. तिला तर एकच चाक ऱ्हायलंय."

मी दूध केंद्रावर वजन आणि फॅट बघायचं काम करते हे तुला माहीत आहेच. सकाळचं संकलन संपल्यावर सगळ्यांच्या आग्रहाने आम्ही सायकल काट्यावर ठेवली. आमच्या केंद्रावर दूध घालणाऱ्या बायडाबाईंच्या दोन म्हशी मिळून सकाळी जेवढं दूध देतात त्यापेक्षाही ती कमी भरली. बजरंगकाका म्हणाले, "आता फॅट लाव." दुसरे कुणी म्हणाले, "लावून काय करता? हाडंच दिसत्यात. दर न्हाई बसायचा." एवढ्या हलक्या वस्तूला एवढी किंमत का, हे मी कार्बन, तंतू, ताण वगैरे सांगून समजावलं. (घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे मला समजावून सांगण्याची सवय आहे आणि इतरांना मान डोलावण्याची.) शेवटी बायडाबाई म्हणाल्या, "म्हंजी जे न्हाई त्येचं पैसं." यापेक्षा नेमकं मलाही सांगता आलं नसतं.

मग खोक्यात सायकलीबरोबर आलेले तुझे बूट. आजीकडून आपल्या दोघांना सारखीच उंची मिळाल्यामुळे सायकल मला बरोबर बसते, पण पायांच्या बाबतीत तू आत्याच्या सासरचा आहेस. दोन मोजे घालून मी ते बूट घातले. ते पायडलला 'खट' करून अडकतात हे तू सांगितलं होतंस. सुटतात कसे तेही सांगितलं होतंस. पण ऐन वेळी पहिलंच आठवलं. केंद्रासमोर, दुधाची रांग लागलेली असताना, मी ब्रेक दाबला, सायकल थांबली, आणि मी दोन्ही पाय पायडलवर ठेवून अगदी सावकाश डावीकडे आडवी झाले. पडल्यावरही मी सायकलवरच होते. कुणी हसलं नाही, याचंच मला आश्चर्य वाटलं. बजरंगकाका कॅन खाली ठेवून आदराने म्हणाले, "तिकडं इटलीत आशीच उतरत्यात का?" मी खोटं बोलत नाही हे तुला माहीत आहे. त्या दिवशी मात्र मी फक्त गप्प बसले. त्यानंतर मी राहात्याहून साधी पायडलं आणून बसवली.

काट्यांचं तुला सांगायलाच नको. कालव्याच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी बाभळी आहेत, आणि तुझे टायर करंगळीएवढे. पंक्चर झालं तेव्हा मी घरापासून बरीच दूर होते. सायकल ढकलण्यापेक्षा खांद्यावर घेणं सोपं वाटलं, म्हणून घेतली आणि निघाले. समोरून बायडाबाई गवताचा भारा घेऊन आल्या. त्यांनी भाऱ्याखालून मान वळवून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "आगं, तू तिच्यावर बसतीस का ती तुझ्यावर?" आणि मग आम्ही दोघी आपापलं ओझं घेऊन आपापल्या दिशेने गेलो.

हे सगळं वाचून तुला वाटेल की मी तक्रार करते आहे. तसं नाही. संकलन संपलं, भांडी धुऊन झाली की मला तासभर मिळतो. मी कालव्याच्या कडेने निघते. पहिलं पायडल मारलं की सायकल पुढे जाते ते मला अजून खरं वाटत नाही. बाबांच्या जुन्या सायकलला आधी विनंती करावी लागायची, हिला नुसतं मनात आणलं तरी कळतं. रस्त्यावरची खडी हाताच्या तळव्यांना वाचता येते. पेरूच्या बागांजवळ वास येतो तो मोटारसायकलवर कधी आलाच नव्हता. पुलाचा चढ आला की मी उभी राहते, ती खाली डुलत नाही, ताठ वर जाते, आणि उतारावर पाय थांबवले की मागच्या चाकातून रातकिड्यांसारखा आवाज येतो. उसाच्या जोडट्रॉलीमागे राहिलं तर वाराच लागत नाही आणि ट्रॅक्टरवरची गाणी फुकट. एकदा मी त्या ट्रॅक्टरला मागे टाकलं. ड्रायव्हरने गाण्याचा आवाज कमी करून माझ्याकडे पाहिलं. मला त्या दिवशी संध्याकाळपर्यंत भूकच लागली नाही.

आता कॅरेज. त्याआधी मला रोज विचारला जाणारा एक प्रश्न सांगते: "कुठं निघालीस?" मी खरं तेच सांगते: "कुठंच नाही." आमच्याकडे हे उत्तर चालत नाही. माणूस दवाखान्यात जातो, बँकेत जातो, लग्नाला जातो, मयतीला जातो. 'कुठंच नाही' तिथे कुणी जात नाही, बाई तर नाहीच. याआधी माझी स्कूटी होती, तोवर हा प्रश्न आला नाही, कारण स्कूटीवर मी कधी रिकामी गेलेच नाही. पुढे पेंडेचं पोतं, हँडलला गाईचं औषध, मागे कुणाची तरी आत्या, आणि खिशात तीन घरांची आधार कार्डं. मला ते आवडायचं. शिकलेल्या माणसाने चार लोकांच्या उपयोगी पडावं असं मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत म्हटलं होतं आणि ते मला अजून पटतं. पण या सायकलवर बसले की लोक हाक मारतात, "संस्कृती, जातीच हायेस तर एवढं..." आणि मग सायकलकडे बघतात, ठेवायला जागा शोधतात, ती सापडत नाही, आणि हात मागे घेतात. "ऱ्हाऊ दे," म्हणतात. दादा, 'राहू दे' हा शब्द माझ्या वाट्याला याआधी आला नव्हता.

बाबांना याचंच वाईट वाटतं. एवढी भारी वस्तू दारात, पोरगी रोज तिकडेच जाते, आणि येताना साधी कोथिंबिरीची जुडी आणता येत नाही. त्यांनी गोरक्षनाथ वेल्डरला बोलावून कॅरेज जोडायला सांगितलं. त्याने सायकलला टिचकी मारली, कान लावला, पुन्हा टिचकी मारली आणि मशीन गुंडाळून म्हणाला, "आन्ना, हे लोखंड न्हाई. हितं माजं काम न्हाई." मग त्यांनी तुला विचारलं, आणि तू हो म्हणालास. आता कॅरेज आल्यावर त्यावर काय काय येणार याची घरोघर ठरवाठरवी चालू आहे. पेंडेचं पोतं पहिलं. बजरंगकाकांचा पेरूचा क्रेट दुसरा. बायडाबाईंनी स्वतः बसून बघायचं म्हटलं आहे.

एकूण, तू आठवणीने एवढं मनावर घेतलंस त्याबद्दल बाबांच्या वतीने आभार मानते. कॅरेजमुळे सर्वांची मोठीच सोय होईल. तब्येतीला जप.

तुझी बहीण,
संस्कृती

ता. क. : कॅरेज पाठवू नकोस. वरचा शेवटचा परिच्छेद बाबा डोकावून गेले तेव्हा लिहिला. सर्वांची सोय होईल हे खरंच आहे, म्हणून तर पाठवू नकोस. मला रोज एक तास कुणाच्याही उपयोगाचं नसावं असं वाटतं, आणि असं वाटणं बरोबर आहे का याचा मी कालव्यावर रोज विचार करते आणि पुलाच्या चढावर विसरते. बाबांना तोंडावर 'नको' म्हणणं मला जमत नाही आणि खोटं बोलणं तत्त्वात बसत नाही. तेव्हा ते तू बोल. कॅरेज विमानतळावर कस्टममध्ये अडकलं म्हण, किंवा इटलीत त्यावर बंदी आली म्हण. तुझी तत्त्वं मला माहीत नाहीत, पण लांब आहेस, चालून जाईल.

ता. क. २ : आई शेजारी गवार मोडत बसली होती. "एवढं काय लिवतीस?" म्हणाली, म्हणून तिला सगळं वाचून दाखवलं, वरच्या ता. क. सकट. (मला वाटलं ओरडेल.) तिने आणखी मूठभर गवार मोडली. मग म्हणाली, "त्ये कॅरेज आलं की पैली गोनी मीच ठिवनार. माजं मला ठावं हाय." गवारीच्या शिरा पदरातून झटकल्या आणि म्हणाली, "पन नगं कशाला म्हनायचं? तुज्या बाचं तोंड उतरंल. परदेशातनं काय येतंय तर येऊ दे की. फकस्त बसू नये."

तेव्हा दादा, कस्टमचं राहू दे. खोटं बोलायची गरज उरलेली नाही. कॅरेज जरूर पाठव, आणि माप नीट तपासून चुकीचं पाठव.