खिशातला फ्यूज

अहो,

वर 'प्रिय' लिहायला घेतलं होतं, पण आज तो शब्द हाताला येईना. तुम्ही गेल्यापासून रोज फोटोपुढं दिवा लावते. काल लावला नाही. का, ते ऐका.

आपल्या अमोलनं गाडी विकायला काढली. जुन्या अँबेसेडरचे शौकीन आहेत म्हणे, पण गाडी चालू पाहिजे. ती तर तुम्ही गेल्यापासून बंदच, नवी बॅटरी टाकली तरी चालू होईना. म्हणून वायरिंगवाल्या रशीदभाईंना बोलावलं. त्यांनी बॉनेट उघडलंच नाही. डॅशबोर्डखाली हात घातला, तिथल्या एका डबीत आपल्याजवळचा फ्यूज बसवला आणि चावी फिरवली. पहिल्या झटक्याला चालू.

"काय बिघडलं होतं?" मी विचारलं.

"खराबी काईच न्हाई, भाभी. हा फ्यूज जादाचा हाय. साहेबांनी सांगून बसवून घेतलता. गाडी लावली की काढून खिशात टाकायचे. त्याच्याबिगर स्टार्टर नुस्ता फिरतो, इंजिन पकडत न्हाई."

"कधी बसवला?"

"तुम्ही लायसनचे पेढे दिलते बघा, त्याच टायमाला. चोरासाठी म्हणले होते."

चोर कोण होतं घरात? मी?

इतकी वर्षं मला वाटायचं, गाडीलाच मी नको आहे. "तिला माझाच हात लागतो," असं तुम्ही पाहुण्यांपुढं सांगायचे आणि मी येड्यासारखी हसायची. धुण्यात तुमच्या शर्टात हीच फ्यूजची काचेची नळी सापडायची. पदरानं पुसून मीच तुमच्या हातात द्यायची. घेताना काहीच वाटलं नाही तुम्हाला? उलट म्हणायचे, "जपून ठेवत जा, कामाची हाय."

आणि आईचं काय? माहेराहून, मुरुडहून सकाळी निरोप आला, आईचं काही खरं नाही, लवकर ये म्हणून. तुम्ही ट्रेनिंगला नांदेडला. बॅटरी उतरेपर्यंत मी चावी फिरवत राहिले. गाडीच्या पाया पडले हो मी! मग रिक्षा, मग स्टँड, मग बसची वाट. पोचले तेव्हा आईची वाचा गेली होती. वहिनी म्हणाली, "सकाळपासून तुमचंच नाव घेऊन राहिल्या होत्या." आणि फ्यूज नांदेडला, तुमच्या खिशात.

तुम्ही तेराव्याला आले, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, "जुनी गाडी हाय, काय करणार." ते वाक्य कालपासून कानात वाजतंय.

अमोल म्हणतो, "बाबांना तुझी काळजी वाटत असंल." वाटत होती तर तोंडानं सांगायचं होतं ना, चालवू नको म्हणून. मी भांडले असते, चार दिवस बोलले नसते. पण त्या दिवशी गाडीच्या नादाला न लागता पहिल्या बसनं तरी गेले असते.

आज सकाळी एकटीच गाडी घेऊन मुरुडला गेले. पाऊण तासात आईच्या गल्लीत पोचले, तेव्हा शाळेची प्रार्थना चालू होती. बंद दारापुढं गाडी लावून लई रडले. एवढंच अंतर होतं, अहो.

वर्षश्राद्धाला तुमच्या आवडीचं सगळं रांधीन, पानात काही कमी पडू देणार नाही, हा माझा शब्द. पण माफ केलं म्हणून तुमच्या फोटोपुढं खोटं बोलणार नाही, हाही शब्दच. आपल्या दोघांत खोटं बोलणारं एकच माणूस होतं, ते गेलं.

तुमचीच,
कुसुम