पश्चिमेच्या खिडकीची काच

प्रिय आई,

आज काचवाला तुमच्या खोलीतल्या खिडकीचं माप घेऊन गेला. त्याने विचारलं, "इथं कोण झोपते?" "सासूबाई," म्हणून गेले. म्हणून लिहायला बसले.

काचेच्या दुकानातला तो दिवा आठवतो तुम्हाला? दिव्यापुढे एक साधी काच आणि एक दुहेरी, मागे हात धरून बघा, काचवाला म्हणाला. साध्या काचेमागचा हात तुम्ही झटकन काढलात. दुहेरीमागे मात्र हात धरून उभ्याच राहिलात. "पाह्य वं, आच लागूनच नाही राहिली," म्हणालात.

ती काच आधी तुमच्याच खोलीत बसायला हवी होती. पश्चिमेचं ऊन दुपारपासून तिथेच मुक्कामाला. पण पोरीचं साक्षगंध तोंडावर आलेलं, साखरपुड्याला माणसं येणार आणि मला हॉल मिरवायचा होता, म्हणून ती हॉलला बसवली. तुम्ही तरी हट्ट का नाही धरलात, आई? "मले कूलर पुरते," म्हणून मोकळ्या झालात.

मे महिन्यात तुम्ही दुपारी हॉलमध्येच चटई टाकायला लागलात. गाढ झोपायचात. त्या दिवशी व्याह्यांचा फोन आला, निघालो म्हणून. पाहुण्यांपुढे म्हातारं माणूस आडवं पडलेलं बरं दिसत नाही, असं आपलं मला वाटलं. मीच तुम्हाला उठवलं. "आई, आत पडता का? व्याही येऊन राहिले." तुम्ही चटई गुंडाळलीत आणि गेलात.

कूलरमधलं पाणी संपलंय हे मला माहीत होतं. ते गेले की भरू, म्हटलं.

दोन तास बसले ते. पन्हं घेतलं, काचांचं कौतुक केलं, मीही हुरळले. ते गेल्यावर आत आले तर तुमचं अंग तव्यासारखं तापलेलं, हाक मारली तर ओ नाही. तिसऱ्या दिवशी दवाखान्यातच तुम्ही गेलात.

तुम्ही आपणहून आत गेलात, असंच सगळ्यांना वाटतं. "आईले पाहुण्यांत बसणं आवडेच नाही," आमचे हे सगळ्यांना सांगतात. मी खाली मान घालून चहा देत राहते. तुम्ही असता तर मला पाठीशी घातलं असतं, याचीच जास्त लाज वाटते.

शनिवारी काच बसेल. आई, शब्द देते, त्याआधी तुमच्या मुलाला सांगेन की तुम्हाला मी उठवलं होतं, आणि कूलर कोरडा आहे हे मला ठाऊक होतं. मग ते काय म्हणतील ते ऐकून घेईन.

तुमची सून,
वंदना