अंबाडीचा पंचनामा

मंगळवार, ७ ऑक्टोबर १९८६

आज सकाळी महादेवाला पाणी घालून परतत होतो, तर पोलिसांनी शेजारच्या काशीबाईकडे पंच म्हणून बोलावले. झडती आधीच उरकली होती. मुंबईकडच्या नव्या फौजदारांनी वाळत घातलेला पाला जप्त करून पंचनाम्यात ‘गांजा’ लिहिले होते. माझी सही झाली की काशीबाई तुरुंगात!

ती कडाडली, “साहेब, अंबाडी होय थे! रांधून देतो, मंग पाहा नशा चढते का आंबट ढेकर येते!”

हवालदार हसू दाबत होता. साहेबांशी वाद घालावा का? पण जे पाहिलेच नाही, त्याची साक्ष देवासमोर कशी द्यावी? मी एक पान चघळले. आंबटच. मग कागदावर लिहिले, ‘झडती माझ्यासमोर झाली नाही. पाला अंबाडीचा आहे.’ आणि खाली सही ठोकली.