डोळ्यांपाशी हात

सातारा,
८ जुलै २०२५

ती. राजरत्नदादा यांस,
सप्रेम जयभीम, वि. वि.

राज्य बास्केटबॉल शिबिराच्या यादीत आपल्या अंकिताचं नाव तूर्त थांबवून ठेवलं आहे. निवड समितीचे सचिव नानासो यांनी आज दुपारी मला फोनवर तसं सांगितलं. नाव कापलेलं नाही, थांबवलं आहे, हे त्यांनी दोनदा सांगितलं. रविवारच्या सामन्यातून तिला बाहेर का काढलं, याचा लेखी अहवाल मी पंच म्हणून १६ तारखेपर्यंत द्यायचा आहे. त्यानंतर ठरेल.

तू फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. तू फौजेत असताना बराकीतल्या फोनला सगळ्यांचे कान लागायचे. तेव्हापासून आपल्या घरात अवघड गोष्ट पत्रातच लिहायची, तर हीही तशीच लिहिते.

कराडच्या हॉलमध्ये काय झालं ते तू पाहिलं नाहीस, तुला ड्यूटी होती. साताऱ्याच्या संयोगितावर अंकिताची राखण होती. संयोगिता चेंडू घेऊन उभी राहिली की अंकिता उजवा हात तिच्या डोळ्यांपाशी न्यायची. चेंडूकडे हात नव्हता, डोळ्यांपाशीच होता, आणि तळवा आडवा धरलेला. पहिल्यांदा मी बोलून समज दिली. दुसऱ्यांदा टेक्निकल फाउल दिला. चौथ्या क्वार्टरमध्ये पुन्हा तेच. दुसरा टेक्निकल झाला की खेळाडू बाहेर जातो, त्यात माझ्या हातात काही राहत नाही.

तू पूर्वी खेळलेला आहेस, पण पुन्हा सांगते. हात वर करा, पसरा, फेकीच्या आड या, सगळं चालतं. समोरच्याला दिसूच नये म्हणून डोळ्यांपाशी हात धरणं किंवा हलवणं चालत नाही. स्पर्श झाला नाही तरी चालत नाही.

सामना सांगली तशीही अकरा गुणांनी हरली, त्यामुळे निकालावरून कुणी भांडत नाही. तिचे कोच बिरदेव सर मात्र सगळ्यांसमोर मला म्हणाले, की पोरीनं हात वर न्हाई करायचा तर काय खिशात घालायचा व्हय. पोरी हसल्या. अंकिता हसली नाही आणि रडलीही नाही. बाटली उचलून आत गेली.

तुझी शुगर तपासलीस का? वहिनींनी भिंतीला लावलेला तो तक्ता तरी भरत जा. अमृतराव तुझी आठवण काढतात. म्हणतात, मेव्हण्याला राग आलाय की नेटवर्क गेलंय ते एकदा कळू दे.

रागावलास तरी माया उणी करू नकोस.

तुझी,
स्वप्ना


सांगली,
११ जुलै २०२५

चि. स्वप्नास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. राग नाही. फोन वाजतो तो कळतो, पण उचलायला हात जात नाही. तुझाच नाही, कुणाचाच.

माझं चालू आहे. सकाळी सात ते तीन हॉस्पिटलच्या गेटवर. येणाऱ्या गाड्या लावून घेतो, जाणाऱ्यांना वाट देतो. लोक विचारतात, बायको जिथं गेली त्याच हॉस्पिटलात कसा उभा राहतोस. मी म्हणतो, गेट वेगळं आहे. ती तीन नंबरच्या गेटनं गेली, मी एक नंबरला असतो. घरी भात मी लावतो, भाजी अंकिता करते. मीठ कमी पडलं तर दोघांनाही कळत नाही, म्हणून भांडण नाही. तक्ता एप्रिलपासून कोरा आहे.

आता मुद्दा. अहवालात तू एवढंच लिही, की हात वर होता, डोळ्यांपाशी होता की नाही ते नक्की सांगता येत नाही. पंचाची नजर चुकते. दुसरा पंच मल्हार लांब होता, त्याला अंकिताची पाठच दिसली, असं तो स्वतः बिरदेव सरांना म्हणाला. म्हणजे तुझ्याशिवाय साक्षीदार नाही. लहानपणी कॅरममध्ये हरायला लागलीस की तू सोंगट्या उधळायचीस, तेव्हा आम्ही कुणी शिट्टी वाजवली नाही.

आणखी एक. तो हात मीच तिला शिकवला असेल. रेजिमेंटच्या मैदानावर आम्ही सर्रास करायचो, सुभेदारसाहेबांच्या तोंडासमोरसुद्धा. कुणी फाउल दिला नाही. मला तो नियम आहे हेच तुझ्या पत्रातून कळलं. चूक असेल तर माझी धर.

मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. शिबिर अमरावतीला आहे, एकवीस दिवसांचं. तिची आई गेल्यापासून पोरीनं तोंड उघडून मागितलेली ही एकच गोष्ट. बाकी जेव म्हटलं की जेवते, झोप म्हटलं की झोपते.

अमृतरावांना जयभीम. नेटवर्क गेलंय असं सांग.

तुझा दादा,
राजरत्न


सांगली,
१३ जुलै २०२५

ती. आत्यास,
सा. जयभीम.

बाबांनी तुम्हाला काय लिहिलं ते मला माहीत आहे. पाकीट पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं होतं, उघडंच. वाचलं, चिकटवलं, टाकलं. रागवा.

बाबांनी मला तो हात शिकवलेला नाही. त्यांनी फक्त पाय शिकवले. ते स्वतःवर घेतायत म्हणून सांगते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही साताऱ्यात होतो, तेव्हा संयोगिता आमच्या गल्लीत राहायची. आईच्या हातची शेंगदाण्याची चटणी डब्यात माझ्याआधी तीच संपवायची. सामन्याआधी रांगेत हात मिळवतात ना, तर तिनं माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि धरून ठेवला. आईच्या जलदान विधीला बायका घरी आल्या होत्या, त्यांनी धरला होता तसा. तिच्या मागच्या पोरींनी ते पाहिलं आणि मग सगळ्यांनी तसंच केलं. अकराजणींनी. एक तर मला ओळखतही नव्हती. बिरदेव सरांना वाटलं सातारच्या पोरी संस्कारी आहेत.

मग सामना सुरू झाला. मी समोर आले की संयोगिता माझ्याकडे बघायची. ओठ दाबून, मान थोडी कलती. रिबाउंडला मला धक्का द्यायची नाही. एकदा चेंडू तिच्या हातात होता आणि ती मला हळूच म्हणाली, जेवतीस का गं नीट. आत्या, चालू सामन्यात! मी बास्केटकडे जायचा रस्ता राखत होते, आणि ती मला जेवण विचारत होती.

पहिल्यांदा हात आपोआप गेला. तिला बास्केट दिसू नये म्हणून नाही गेला. तिला मी दिसू नये म्हणून गेला. तळव्याआड तिचे डोळे गेले की मला बरं वाटायचं. बरं म्हणजे काहीच वाटायचं नाही, तसं. पुढच्या दोन वेळा मी मुद्दाम नेला. तुम्ही समज दिली होती, नियम माहीत होता. तुमचा फाउल बरोबर आहे.

बाहेर काढल्यावर मी आत जाऊन दोन केळी खाल्ली. पुढचा सामना असल्यासारखी. वाईट वाटेल म्हणून वाट बघत बसले, वाटलं नाही. एप्रिलपासून असंच आहे. शेजारच्या आक्काताई सगळ्यांना सांगतात, पोरगी लय धीराची हाय, डोळ्यातनं टिपूस न्हाई काढलं. मी धीराची नाही. मला फक्त काही होत नाही.

हे कारण अहवालात लिहू नका. बाबांनाही सांगू नका, ते गेटवर उभे राहून त्याचाच विचार करतील. आणि समितीला कळलं तर तेही तशीच मान कलती करतील आणि मला घेतील. तसं घेतलेलं मला नको. अमरावतीला मला कुणी ओळखत नाही, आई आहे की नाही हे कुणाला माहीत नाही. मला तिथं खेळायचंय. पोरींनी मला धक्के मारले पाहिजेत.

खोटंही लिहू नका आणि हेही लिहू नका. मग काय लिहायचं ते तुम्हीच बघा. तुम्ही मोठ्या आहात.

काकांना नमस्कार. उत्तर दोघांना मिळून पाठवा, नाहीतर बाबा विचारतील.

तुमची,
अंकिता


सातारा,
१६ जुलै २०२५

ती. दादा व चि. अंकिता,
सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

अहवाल आज सकाळी कराडला दिला. स्वतः नेऊन दिला, पोच घेतली. तुम्हाला दुसरीकडून कळण्याआधी त्यातला मजकूर इथं उतरवते.

“सांगलीच्या अंकिता हिने तीन वेळा प्रतिस्पर्ध्याच्या डोळ्यांपाशी हात नेऊन तिची दृष्टी अडवली. हे मी स्वच्छ पाहिले. खेळाडू माझी सख्खी भाची आहे. हे नाते मी सामन्याआधी कळवले नाही, ही माझी चूक आहे.”

दादा, तू मागितलंस ते मी केलं नाही. पाहिलेलं न पाहिल्यासारखं लिहायला बसले होते. दोन कागद वाया गेले, तिसऱ्यावर पेनच टेकलं नाही. पण अहवालातलं शेवटचं वाक्यही खरं आहे. सामन्यांच्या यादीत सांगलीचं नाव दिसलं तेव्हाच मी सांगून बाजूला व्हायला हवं होतं. माझं सासरचं आडनाव, कुणी विचारलं नाही. मला वाटलं, चाळीस मिनिटं तरी पोरगी डोळ्यांसमोर राहील. ती राहिली, आणि मीच तिला बाहेर पाठवली.

अंकिता, तुझं पत्र मिळालं. तू जे दोन नकार मागितलेस, ते दोन्ही पाळले आहेत. दादा, हे काय आहे ते तिला विचारू नकोस. तू गेटवर कुणालाही अडवून कुठं चाललास विचारत नाहीस, तसंच समज. नियम तुला माहीत नव्हता हे मात्र वाचून मी अमृतरावांसमोर हसले. जुलैमध्ये पहिल्यांदा. ते म्हणाले, सुभेदारसाहेबांना आता पेन्शनीत फाउल द्यायला हवा.

पुढचं नानासोंनी मला समोर बसवून सांगितलं. नात्यामुळे माझा निर्णय एकटा धरता येणार नाही. बिरदेव सरांच्या मोबाईलमध्ये सामना आहे, तो लोणंदचे एक जुने पंच पाहतील. त्यांना हात डोळ्यांपाशी दिसला तर फाउल कायम. तो त्यांना दिसेल असं मला वाटतं. पण फाउल कायम राहिला म्हणून नाव आपोआप कापलं जात नाही. खेळाडूला बोलावून विचारतात आणि मग ठरवतात. माझी शिट्टी या हंगामापुरती जाईल. त्याचं मला फार काही वाटलं नाही, तेव्हा अंकिता, ते न वाटणं काय असतं याचा थोडा अंदाज आला.

रविवारी, २० तारखेला, अकरा वाजता कराडला बोलावलं आहे. साडेसातच्या एसटीनं निघा. दादा, ड्यूटी बदलून घे, गेट एक दिवस कुणीतरी बघेल. अंकिताला एकटीला आत घेतील. समोर चौघे असतील. हात मुद्दाम नेला का विचारतील, आणि तू हो म्हणशील. मग का विचारतील. नियमात कारण विचारलेलं नाही, एवढं म्हण आणि गप्प बस. ते बराच वेळ तुझ्याकडे बघतील. बघू दे. मी बाहेरच्या बाकावर असेन, मला आत सोडणार नाहीत.

यादी एक वाजता लागेल. नाव असलं तर अमरावतीची गाडी त्याच संध्याकाळी कराडहून आहे, सांगलीला परत जायला वेळ मिळणार नाही. म्हणून बॅग भरूनच आणा.

माझ्याविषयी मनात असेल ते असू दे, भेट मात्र होऊ दे.

तुमची,
स्वप्ना