शेवटच्या लॅपमधले तुझे पाय

मंगळवार, १२ मार्च
दुपार, जेवणं झाल्यावर

प्रिय ताई,

इथे सगळे मजेत आहेत आणि तिथेही सगळे मजेत असतील, हे आधी लिहून टाकते. नाहीतर आई मागून डोकावून विचारणारच, "ख्यालीखुशाली लिहिलीस का?" मावशीचे गुडघे काय म्हणतात? आणि तुझा खांदा? मावशी आईला सांगत होती की तो गेले काही दिवस दुखतोय. खांद्याबद्दल मला बरंच लिहायचं आहे, पण ते पुढे.

फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू मला बोलू कुठे देतेस? मी तोंड उघडलं की "हो गं राणी, कळलं" म्हणून हसतेस आणि विषय संपतो. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही.

आता बातम्या. परवा स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करायला प्लंबर आला होता. आईने त्यालाही माझं पदक दाखवलं. बिचारा हात पुसून पदकाकडे बघत उभा, आणि मागे नळ गळतोय. "आधी फार घाबरायची हो ही," आईचं सुरू होतं, "शर्यत म्हटलं की हातपाय गार! आणि मग गेल्या वर्षी बघा!" प्लंबर म्हणाला, "वा." मी खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसून पडले.

पोहण्याच्या टँकवर सध्या एक नवीन प्रकार चालू आहे. तू शहर सोडून गेल्यावर आमच्याकडे नव्या कोच आल्या, त्यांना आम्ही शिट्टीबाई म्हणतो. गळ्यात कायम शिट्टी, आणि वाजवत मात्र कधीच नाहीत. पंपाच्या खोलीवर टॉवेल वाळवायची खोली आहे ना, तिथे त्या आम्हाला पोहून झाल्यावर उताणं झोपवतात. डोळे मिटायचे आणि अख्खी शर्यत डोक्यात पोहायची, उडी मारायच्या ब्लॉकवर चढण्यापासून भिंतीला हात लागेपर्यंत. "मन घट्ट करायचं म्हणजे दातओठ खायचे नाहीत," त्या सांगतात, "नुसतं बघायचं. सावकाश. पाणी आधी कुठे लागतं, बोटांना की कपाळाला?" आमचा देवमासा, तोच तो बटरफ्लायवाला, पहिल्या लॅपलाच घोरायला लागतो. उठला की शपथेवर सांगतो की सुवर्णपदक मिळालं.

मला मात्र ते फार म्हणजे फारच आवडतं. खालून पंपाची घरघर पाठीत शिरते, फरशी कोमट असते, वर ओळीने टॉवेल हलत असतात. थोड्या वेळाने कुठे फरशी संपते आणि कुठे पाणी सुरू होतं, तेच कळेनासं होतं. मी उडी मारते आणि आवाज जातो. तळावरची काळी रेघ माझ्याखालून सरकत राहते. हात आपोआप पुढे जातात, दुसऱ्या कुणाचे असावेत तसे. ऊन खालपर्यंत आलेलं असतं आणि त्यात माझी सावली माझ्या आधी पोहत असते. भीती नसते गं. ब्लॉकवर चढायला घाबरणारी ती मुलगी तिथे येतच नाही.

पहिला लॅप, दुसरा, तिसरा. चौथ्यात मी श्वास घ्यायला उजवीकडे मान वळवते आणि तू दिसतेस. तुझे पाय दिसतात. ते हलत नसतात.

रोज तिथेच अडतं. तुझे पाय पाण्यात नुसते लोंबत असतात आणि माझ्या हातातलं बळ जातं. टँक लांबत जातो. भिंत पुढे पुढे सरकते. मग काय वाटेल ते दिसायला लागतं. आमच्या स्वयंपाकघरातल्या खुर्च्या तरंगत येतात, आई पाण्याखाली बसून पदक पुसत असते, तो प्लंबर "वा" म्हणतो आणि त्याच्या तोंडातून बुडबुडे येतात. शेवटी कशीबशी भिंत लागते, मी डोकं वर काढते, तर सगळ्या लेन रिकाम्या. मी पहिली आलेली असते आणि तिथे दुसरं कुणीच नसतं.

"कुठे अडतेस?" शिट्टीबाईंनी विचारलं.

"शेवटच्या लॅपमध्ये."

"दमतेस?"

"नाही. एकटी पडते."

त्यांनी माझ्या अंगावर एक कोरडा टॉवेल टाकला आणि गेल्या.

ताई, मी ते पाहिलं होतं. गेल्या वर्षी, खऱ्या टँकमध्ये. त्याआधीच्या दोन शर्यतींत सुरुवातीचा भोंगा वाजला होता आणि मी ब्लॉकवर खिळल्यासारखी उभी राहिले होते. त्या दिवशी तू शेजारच्या लेनमधून म्हणालीस, "फक्त माझ्याबरोबर ये." मी आले. आणि शेवटच्या लॅपमध्ये तू पाय मारायचे थांबवलेस. पाण्यावरून बघणाऱ्यांना ते कळलं नसेल, पाण्याखालून कळतं. वर आल्यावर "काय दमवलंस गं मला!" म्हणून तू धापा टाकत होतीस. अगं, तुझी ती धाप इतकी खोटी होती! मी गळ्यात पडून रडले, सगळ्यांना वाटलं आनंदाने.

तू प्रेमाने केलंस, हे मला कळतं. एकदा जिंकली की पोरीची भीती जाईल, असं तुला वाटलं. ब्लॉकवरची गेलीही, ते तुझंच देणं आहे. पण तिच्या जागी दुसरी आली. त्यानंतर मी जिंकले की आधी दोन्हीकडे बघते, कुणी थांबलंय का म्हणून. मला खरंच पोहता येतं की सगळे माझी समजूत काढताहेत, तेच कळत नाही. मला तुझा राग आला होता. अजून थोडा आहे.

आणि आता हा खांदा. पुढच्या रविवारी निवड आहे, दोनशे मीटरमधून एकच जण संघात जाणार आणि शर्यत तुझ्यामाझ्यात आहे, हे दोन्ही घरांत सगळ्यांना माहीत आहे. जूनपासून तुझी नोकरी सुरू, म्हणजे तुझी ही शेवटचीच संधी. अशा वेळी तुझा खांदा दुखायला लागतो? खरंच दुखत असेल तर डॉक्टरांकडे जा आणि मला माफ कर. पण तुझ्या मैत्रिणीने टाकलेल्या व्हिडिओत त्याच खांद्याने तू चेंडू टँकच्या पार पलीकडे भिरकावत होतीस. निदान नाटक तरी नीट कर!

गेल्या आठवड्यात मी वेगळंच काही केलं. डोळे मिटून पडले, चौथ्या लॅपमध्ये मान वळवली आणि तुझे पाय मुद्दाम हलवले. मनातल्या मनात, जोर लावून. आणि ते सुटलेच गं! पांढरा फेस उडाला आणि तू पुढे निघून गेलीस. मी तुझ्यामागे. पाणी पुन्हा पाण्यासारखं झालं. आई नाही, खुर्च्या नाहीत. तुझा हात भिंतीला लागला, मग माझा. डोकं वर काढलं तर तू समोर होतीस आणि खरोखर धापा टाकत होतीस. मी तिथे फरशीवर पडल्या पडल्या हसायला लागले.

शिट्टीबाई वाकल्या. "जिंकलीस?"

"नाही. दुसरी आले."

"मग हसतेस काय?"

"भिंत लागली बाई."

त्यांनी मला तशीच खाली नेलं आणि पाण्यात उतरवलं. बाहेर आले तेव्हा घड्याळाकडे दोनदा बघून त्या म्हणाल्या, "कुणाला सांगू नकोस." म्हणून वेळ तुलाही सांगत नाही. पण तुला घाम फुटेल.

तेव्हा आता मागते ते दे. पाय थांबवू नकोस. तू थांबलीस तर मीही थांबेन, तिथेच. दोघी टँकच्या मधोमध तरंगत राहू, बाकीच्या जणी जाऊ देत पुढे. तोंड वर करून आईला काय सांगायचं, ते तू बघ. मी हे गमतीत लिहीत नाहीये.

मला हरव. अगदी जीव तोडून हरव, मला चालेल, मी रडेन आणि संध्याकाळी जेवायला बसेन. आणि नाहीच हरवता आलं तुला, तर मान वर करून माझ्याकडे बघ, म्हणजे मला खरं काय ते कळेल.

नेहमीच तुझी, पण त्या रविवारी तुझ्या विरुद्ध,
बेडकी